मृत्युपत्रानंतरची वाट : प्रोबेट समजून घेताना

घरातील ज्येष्ठ व्यक्ती गेल्यानंतर पहिले तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते. त्यानंतर नातेवाईक आपापल्या गावी परततात आणि घरी उरतात ती मोजकी माणसे आणि कागद. बँकेची पासबुके, मुदत ठेवींच्या पावत्या, गृहनिर्माण संस्थेचे भागपत्र, गावाकडच्या जमिनीचा सातबारा आणि कधी कधी कपाटाच्या कप्प्यात जपून ठेवलेला, ‘मृत्युपत्र’ असे लिहिलेला लिफाफा. ज्या मुलीने वा सुनेने वर्षानुवर्षे आजारपण काढले, तिच्या नावे त्या लिफाफ्यात काही लिहिलेले असेल, तर तिच्यापुढे लगेच एक प्रश्न उभा राहतो. हा कागद खरा आहे, हे सिद्ध कसे करायचे आणि कोणापुढे?

या प्रश्नाचे कायद्याने दिलेले उत्तर म्हणजे प्रोबेट. प्रोबेट म्हणजे वर्षानुवर्षांचे हेलपाटे, असा समज घराघरांत आहे. शिवाय अलीकडे कायद्यात एक मोठा बदल झाल्याने ‘आता प्रोबेट लागतच नाही’ असेही ऐकू येते. या दोन्ही समजुतींत थोडे तथ्य आहे आणि बराच गैरसमज आहे. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

प्रोबेट म्हणजे काय?

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ हा या विषयाचा मूळ कायदा. त्यानुसार प्रोबेट म्हणजे सक्षम न्यायालयाच्या शिक्क्यानिशी दिलेली मृत्युपत्राची प्रमाणित प्रत. ‘हे या व्यक्तीचे शेवटचे मृत्युपत्र आहे, ते कायद्याने सांगितलेल्या रीतीने झाले आहे आणि त्यात नेमलेल्या व्यवस्थापकाला संपत्तीची व्यवस्था लावण्याचा अधिकार आहे,’ असे न्यायालय त्यातून जाहीर करते. व्यवस्थापक म्हणजे मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी नेमलेली व्यक्ती. व्यवहारात तिला आपण ‘एक्झिक्युटर’ म्हणतो.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकालाच मिळते. मृत्युपत्र आहे, पण व्यवस्थापक नेमलेला नाही किंवा तो हयात नाही, तर लाभार्थीला ‘लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन’ म्हणजे व्यवस्थापनपत्रासाठी अर्ज करावा लागतो. दुसरी, प्रोबेट देणारे न्यायालय मालकीचा वाद सोडवत नाही. मृत्युपत्रात लिहिलेले घर खरोखर मृत व्यक्तीच्या मालकीचे होते की नाही, हा प्रश्न वेगळा, आणि तो वेगळ्या दाव्यात सोडवावा लागतो.

मुंबईचा जुना नियम आणि २०२५ चा बदल

प्रोबेटचा धाक मुंबईकरांच्या मनात अधिक, आणि पुणे, नाशिक वा कोल्हापूरच्या माणसाला त्याची फारशी ओळख नाही, असे का? याचे मूळ ब्रिटिश अमदानीत आहे. कोलकाता, चेन्नई आणि मुंबई या तीन शहरांसाठी कायद्याने खास नियम केला होता. मुंबई शहराच्या हद्दीत केलेल्या, किंवा त्या हद्दीतील स्थावर मिळकतीविषयी असलेल्या हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी व्यक्तींच्या मृत्युपत्राला प्रोबेट घेतल्याशिवाय त्यावरचा हक्क न्यायालयात सांगता येत नसे. मुस्लिम आणि भारतीय ख्रिस्ती व्यक्तींना हे बंधन नव्हते, आणि राज्याच्या इतर जिल्ह्यांतील मृत्युपत्रांनाही नव्हते. म्हणजे दादरच्या सदनिकेसाठी प्रोबेट अनिवार्य, आणि तसेच मृत्युपत्र पुण्यात करून पुण्यातील सदनिका दिली असेल तर ते ऐच्छिक.

हे बंधन घालणारे कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये निरसन व सुधारणा कायद्याद्वारे वगळले. शहर आणि धर्म यांवर आधारलेला भेद त्यामुळे संपला. मात्र रद्द झाली ती सक्ती. प्रोबेटची सोय कायद्यात पूर्वीसारखीच आहे. आपले प्रकरण जुने असेल किंवा अर्ज आधीच न्यायालयात असेल, तर पुढचे पाऊल वकिलाच्या सल्ल्यानेच टाकावे.

सक्ती गेली, तरी प्रोबेट कधी घ्यावे?

समजा, एका वृद्ध गृहस्थांना दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. तिघांत सलोखा आहे, मृत्युपत्र सर्वांना मान्य आहे आणि गृहनिर्माण संस्था व बँक यांनाही काही शंका नाही. अशा कुटुंबाने केवळ रीत म्हणून न्यायालयात जाण्याचे आता कारण उरलेले नाही. सर्व वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र आणि मृत्युपत्राची प्रत यांवर बरीच कामे होऊ शकतात.

आता हेच चित्र थोडे बदलून पाहा. वडिलांनी घर शुश्रूषा करणाऱ्या मुलीच्या नावे केले आहे आणि एका भावाला ते मान्य नाही. किंवा मृत्युपत्र आजारपणात, मृत्यूच्या काही महिने आधी झाले आहे. किंवा घर विकायचे आहे आणि घेणाऱ्याची बँक कर्ज देण्यापूर्वी पक्का पुरावा मागते आहे. अशा वेळी प्रोबेटसारखे संरक्षण दुसरे नाही. प्रोबेटचा आदेश केवळ अर्जदार आणि विरोधक यांच्यापुरता नसतो, मृत्युपत्राच्या खरेपणाबाबत तो सर्व जगाला बांधून ठेवतो. साक्षीदार हयात आहेत आणि त्यांना सारे आठवते आहे, तोवरच हे काम करून घेण्यात शहाणपण आहे. दहा वर्षांनी कोणी शंका काढली आणि तोवर साक्षीदार निवर्तले असतील, तर खरे मृत्युपत्रही सिद्ध करणे जड जाते.

पहिल्या काही आठवड्यांत

न्यायालयाचा विचार करण्यापूर्वी काही साधी कामे उरकावी लागतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. रुग्णालयात मृत्यू झाल्यास नोंदीची जबाबदारी रुग्णालयाची असते. घरी झाल्यास कुटुंबाची. घरी मृत्यू झाल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र त्याच दिवशी घ्यावे. मृत्यू दाखल्यावरील नाव आधार, पासबुक आणि मिळकतीच्या कागदांवरील नावाशी जुळते का, हे दाखला हाती येताच तपासावे. नावातील एका अक्षराचा फरक पुढे अनेक फेऱ्या घालायला लावतो. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घेतलेल्या बऱ्या.

मृत व्यक्तीचे एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नयेत, मग ते रुग्णालयाचे बिल भरण्यासाठी का असेना. मुखत्यारपत्र त्या व्यक्तीच्या मृत्यूबरोबर संपते; त्याच्या आधारे नंतर केलेला व्यवहार अडचणीत आणतो. निवृत्तिवेतन मिळत असल्यास बँकेला लगेच कळवावे, कारण मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम परत करावी लागते, आणि जोडीदाराचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होण्यासाठीही ही सूचना आवश्यक असते. मूळ मृत्युपत्र प्लास्टिकच्या पिशवीत सुरक्षित ठेवावे. त्यावर टाचणी, खूण वा शेरा काहीही नको.

अर्जापासून आदेशापर्यंत

मुंबई शहरातील अर्ज उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्रविषयक विभागात केला जातो, इतरत्र जिल्हा न्यायालयात. मृत्यूनंतर पूर्ण सात दिवस उलटल्याशिवाय प्रोबेट देता येत नाही. व्यवस्थापनपत्रासाठी ही मुदत चौदा दिवसांची आहे. कमाल मुदतीचा बाऊ करू नये, पण फार उशीर केल्यास त्याचे समाधानकारक कारण द्यावे लागते.

अर्जात मृत्यूची तारीख, सोबत जोडलेले मृत्युपत्र हेच शेवटचे आहे असे कथन, ते रीतसर झाल्याचे कथन, संपत्तीचे अंदाजे मूल्य आणि अर्जदार हाच नेमलेला व्यवस्थापक असल्याचे कथन असते. सोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यू दाखला, संपत्ती आणि कर्जांची यादी, वारसांची नावे व पत्ते आणि मृत्युपत्रावरील निदान एका साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र लागते. संपत्तीच्या मूल्यानुसार न्यायालयीन शुल्क भरावे लागते. त्याचा तक्ता राज्य ठरवते आणि त्याला कमाल मर्यादा असते. आजचा दर न्यायालयाच्या कार्यालयात विचारून घ्यावा.

त्यानंतर वारसांना नोटीस जाते आणि बहुधा वृत्तपत्रातही जाहीर सूचना दिली जाते. कोणाची हरकत नसेल, तर कागद तपासून आदेश होतो. कोणी ‘कॅव्हेट’ म्हणजे हरकत दाखल केली, तर अर्जाचे रूपांतर दाव्यात होते. साक्षी, उलटतपास, युक्तिवाद सारे होते. वर्षानुवर्षे लागतात ती अशा प्रकरणांना. म्हणून प्रोबेटला किती काळ लागेल याचे उत्तर न्यायालयापेक्षा कुटुंबातील सलोख्यावर आणि मृत्युपत्राच्या निर्दोषपणावर अधिक अवलंबून असते.

शुश्रूषेचे पैसे आधी

आदेश मिळाला म्हणजे व्यवस्थापक मालक झाला, असे नव्हे. तो विश्वस्त असतो. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत संपत्तीची पूर्ण यादी आणि वर्षभरात हिशेब न्यायालयाला द्यावा लागतो. लाभार्थींनीही थोडा धीर धरावा, कारण मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत वाटप करण्याची सक्ती व्यवस्थापकावर नसते.

देणी फेडण्याचा क्रमही कायद्याने ठरवून दिलेला आहे, आणि आजाऱ्याची काळजी घेणाऱ्यांनी तो अवश्य जाणून घ्यावा. सर्वप्रथम अंत्यविधीचा वाजवी खर्च, शेवटच्या आजारातील खर्च, त्यात डॉक्टरांचे शुल्क आणि मृत्यूपूर्वीच्या एका महिन्याचा राहण्या-जेवणाचा खर्च येतो. त्यानंतर प्रोबेट मिळवण्याचा खर्च. त्यानंतर मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत सेवा केलेल्या घरगुती नोकर, कारागीर वा मजुरांचे वेतन. बाकीची कर्जे त्यानंतर, आणि वाटप सर्वांत शेवटी. म्हणून औषधांची बिले, रात्रपाळीच्या मावशींना दिलेल्या पगाराची नोंद, ऑक्सिजन सिलिंडरच्या पावत्या एका वहीत तारखेनिशी ठेवाव्यात. ‘एवढा खर्च कशावर झाला?’ या प्रश्नाला ती वही भांडणाविना उत्तर देते.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

‘सगळीकडे नॉमिनेशन केले आहे, मग मृत्युपत्र कशाला?’ असे अनेक ज्येष्ठ विचारतात. नामनिर्देशित व्यक्ती ही बँकेने वा कंपनीने रक्कम कोणाच्या हाती द्यायची, एवढेच ठरवते. त्या रकमेवर अंतिम हक्क मृत्युपत्रानुसार लाभार्थीचा, आणि मृत्युपत्र नसल्यास कायदेशीर वारसांचा असतो. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांतही नॉमिनीला तात्पुरते सभासदत्व मिळते, कायदेशीर वारसांची नोंद होईपर्यंतच.

तरीही नामनिर्देशन करावेच, कारण त्यामुळे घरखर्चाचे पैसे लवकर हाती येतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींसाठी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांत एकाच ठेवीपुढे वेगवेगळी नावे नसतील, एवढे पाहावे. ती असली, तर मागच्यांत गैरसमजाला कारण मिळते.

मृत्युपत्रच नसेल तर

मृत्युपत्र नसल्यास प्रोबेटचा प्रश्नच येत नाही. वाटणी वारसा कायद्याने होते. हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित संपत्तीत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असलेली आई यांना समान वाटा मिळतो. विवाहित मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. ठेवी आणि शेअर्स यांसाठी न्यायालयाकडून उत्तराधिकार प्रमाणपत्र घेता येते. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालय वारस दाखलाही देते. शेतजमिनीसाठी तलाठी कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज करून फेरफार मंजूर करून घ्यावा. मात्र सातबारावरील नोंद महसुली कामापुरती असते. तिने वारसांतील मालकीचा वाद मिटत नाही.

इतरांचे नियम थोडे वेगळे आहेत. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीवाचून साधारणतः एक तृतीयांश संपत्तीपुरतेच मृत्युपत्र करता येते. गोव्यात तर वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही यांसाठी २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. तेथे अपत्यांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी अर्धी संपत्ती राखीव असते आणि वाटणी इन्व्हेंटरी कार्यवाहीतून होते. सावंतवाडीला घर आणि म्हापशाला मिळकत असलेल्या कुटुंबाने दोन्हीकडचा सल्ला घ्यावा.

मुले परदेशी असतील, तरी अडून राहू नये. परदेशात असलेल्या व्यवस्थापकाच्या वतीने त्याच्या मुखत्याराला येथे व्यवस्थापनपत्र मिळू शकते. मुखत्यारपत्र भारतीय दूतावासात किंवा त्या देशातील रीतीने प्रमाणित करून मागवावे.

आज, हाती-पायी धड असताना

मृत्युपत्र खरे ठरवण्याचे निम्मे काम ते करणाऱ्यालाच करता येते. कायद्याच्या अपेक्षा फार नाहीत. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, त्यास मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. करणाऱ्याची सही आणि ती होताना पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या एवढे मात्र हवेच. पक्षाघाताने हात चालत नसेल, तर अंगठाही चालतो. दृष्टी गेलेल्या व्यक्तीलाही मृत्युपत्र करता येते. मजकूर वाचून दाखवला आणि तो समजला, अशी नोंद त्यात करावी.

खरी कसोटी असते ती मनाच्या स्वस्थतेची. विस्मरणाचा आजार सुरू झाला म्हणजे अधिकार लगेच संपत नाही. आपली संपत्ती काय, आपली माणसे कोण आणि आपण कोणाला काय देतो आहोत, हे त्या वेळी कळत असले पाहिजे. म्हणून वय अधिक असेल वा आजार असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासून, ‘विचार करण्यास सक्षम’ असे प्रमाणपत्र सही, तारीख, वेळ आणि नोंदणी क्रमांकासह द्यावे. डॉक्टर साक्षीदार झाले, तर उत्तमच.

येथे शुश्रूषा करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. मृत्युपत्राबद्दलच्या संशयास्पद परिस्थितीचा विचार सर्वोच्च न्यायालयाने वारंवार केला आहे. थरथरती सही, दुबळे झालेले मन, जवळच्यांना कारणाशिवाय वगळणे आणि ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेणे, या गोष्टी शंकेला जागा देतात. तिचे निरसन करण्याचा भार मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येतो. आपल्या नावे काही होत असेल, तर वकील आपण ठरवू नये, मजकूर आपण लिहू नये, सहीच्या वेळी खोलीत थांबू नये. ज्येष्ठांनीही अशा मुलीला वा सुनेला अधिक का देत आहोत, याचे एक-दोन ओळींत कारण लिहावे. ‘तिने माझी आठ वर्षे सेवा केली’ एवढे साधे वाक्यही पुढे तिची बाजू मांडते.

पुढील गोष्टी एकदा ताडून पाहा :

• साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान, ओळखीचे आणि मृत्युपत्रात लाभ नसलेले असावेत. त्यांचे पूर्ण पत्ते लिहावेत.

• व्यवस्थापक नेमावा आणि त्याला आधी विचारावे. पर्यायी नावही द्यावे.

• प्रत्येक पानावर सही करावी, खाडाखोड टाळावी.

• आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द केल्याचे स्पष्ट लिहावे.

• उरलेली, न लिहिलेली संपत्ती कोणाला द्यायची, तेही सांगावे.

• नोंदणी करायची असेल आणि चालवत नसेल, तर दुय्यम निबंधकांना घरी येण्याची विनंती करता येते. मृत्युपत्र बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याचीही सोय आहे.

• मूळ कागद कोठे आहे, हे व्यवस्थापकाला माहीत असावे.

शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत वा नकोत, याची इच्छा मात्र मृत्युपत्रात लिहू नये. ते मृत्यूनंतर वाचले जाते. त्यासाठी वैद्यकीय इच्छापत्र हा वेगळा दस्त करावा.

वाचकहो, मृत्युपत्राचा विषय काढला की घरात क्षणभर शांतता पसरते. काहींना तो अशुभ वाटतो, तर काहींना विषय काढणे लोभीपणाचे वाटते. म्हणून सुरुवात ज्येष्ठांनीच करावी, हे बरे. येत्या रविवारी आपल्या संपत्तीची आणि देण्यांची यादी एका कागदावर करा, व्यवस्थापक म्हणून कोणाचे नाव मनात येते ते त्याखाली लिहा आणि वकिलाची वेळ घ्या. मुलांना त्यातील मजकूर सांगायचा की नाही, हे आपण ठरवा. पण मृत्युपत्र केले आहे आणि ते कोठे आहे, हे निदान एका विश्वासू व्यक्तीला सांगून ठेवा.